लंकेला जाणाऱ्यांची यादी

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक चर्चमधलं, बायबलातलं. दुसरं कागदावरचं, शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत चालणारं. चर्चमधल्या नावानं बाप्तिस्मा होतो, लग्न लागतं, मयतीची प्रार्थना होते. कागदावरच्या नावाला जात असते. आमच्या कागदावर 'हिंदू महार' लिहिलेलं आहे. ही लपवाछपवी होती, नव्हती असं मी म्हणत नाही. पण ती एकट्या आमच्या घरात नव्हती, चर्चच्या अर्ध्या लोकांच्या घरात होती आणि सगळ्यांना ठाऊक होती.

माझे सासरे बिडकीनकडच्या एका खेड्यातले. गावाची वेस झाडायचे, मेलेली ढोरं ओढायचे. मिशनच्या लोकांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. त्यांचे चुलतभाऊ पुढं बौद्ध झाले. गावानं दोघांनाही विहिरीवर चढू दिलं नाही, त्यात काही फरक केला नाही. फरक सरकारनं केला. बौद्ध झालेल्यांची सवलत राहिली, ख्रिस्ती झालेल्यांना दुसऱ्या यादीत टाकलं, जिथं गर्दी जास्त आणि जागा कमी.

मुलाला शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जात विचारली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. तो अडाणी होता, मी चौथी शिकलेली, म्हणून असल्या गोष्टी मीच ठरवायची. गुरुजी म्हणाले, "काय ते नीट सांगा बाई, एकदा लिहिलं की लिहिलं." मी सांगितलं ते त्यांनी लिहिलं. मला तेव्हा पाप वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. देवाच्या वहीत एक नाव, सरकारच्या वहीत एक. दोघांनी एकमेकांची वही बघायचं काही कारण नव्हतं.

आमचे जुने पाळकसाहेब हे जाणून होते. ते चर्चच्या रजिस्टरात फक्त चर्चचं नाव लिहीत. आडनावाची वेळ आली की पेन खिशाला लावत. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. दोन्ही नावं एका कागदावर येऊ द्यायची नाहीत, एवढाच नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता म्हणून इतकी वर्षं चालला.

तो मी मोडला.

माझा मुलगा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. अकरा महिने झाले की काढतात, चार दिवसांनी पुन्हा घेतात. केस पांढरे झाले तरी तो तिथं नवाच आहे. त्याची थोरली मुलगी, माझी नात, नर्स झाली. ती सीट तिला कागदावरच्या जातीनं मिळाली. नंतर तिनं सरकारी दवाखान्याची परीक्षा दिली. दोनदा राहिली, तिसऱ्यांदा यादीत नाव आलं. आमच्या घराण्यात कायमची नोकरी लागलेलं ते पहिलं माणूस. मी शाळेत आया होते, पण मला कायम करता करता निवृत्तीच आली होती.

नेमणुकीच्या पत्रात खाली एक ओळ होती. सहा महिन्यांच्या आत जात पडताळणीचा दाखला द्यावा, न दिल्यास नेमणूक रद्द. मुलानं अर्ज भरला. सासऱ्यांच्या नावाचा निजामाच्या काळातला उर्दूतला एक उतारा होता, त्यात जात होती. तो वाचणारा माणूस शोधून त्याचं मराठी करून घेतलं.

"आता काय अडत नाय," मुलगा म्हणाला.

परीक्षेच्या आधी नातीनं एक मागणं मागितलं होतं. नोकरी लागली तर रुजू व्हायच्या आधी दहा दिवस प्रभूच्या सेवेला देईन. तिनं हे मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्यात असं मागणं उपासनेत उभं राहून सांगायची पद्धत आहे, म्हणजे सगळ्यांनी त्यावर प्रार्थना करावी. तिनं सांगितलं. सगळ्यांनी प्रार्थना केली. नोकरी लागली. मग मागं फिरायची सोय राहिली नाही.

त्याच वेळी आमच्या चर्चचा तरुण संघ श्रीलंकेला निघाला होता. आठ जण, दहा दिवस. तिथल्या चहाच्या मळ्यांत मजुरांच्या वस्तीत मुलांना गाणी आणि बायबलच्या गोष्टी शिकवायच्या, आजाऱ्यांना औषध द्यायचं, प्रार्थना करायची. त्यांना एक नर्स हवी होती. रुजू व्हायला महिना होता.

शेजारची खाला दारातूनच म्हणाली, "आपा, पोती लंका जा री बोलते? रावण से बचके रहने को बोलो!"

"रावणच बचके राहील," मी म्हटलं. "तिनं सुई काढली की भले भले पळतात."

मला मिरवायचं होतं, हे खरं सांगते. चिकलठाण्याला उतरणारी विमानं जन्मभर डोक्यावरून गेली, आमच्यातलं कुणी आत बसलेलं नव्हतं.

एक दिवस पाळकसाहेबांनी मला बोलावलं. हे नवे पाळक, पुण्याकडचे, येऊन दोन वर्षं झालेली. चांगला माणूस. जुन्या साहेबांसारखं त्यांना अंदाजानं काही चालत नसे. कपाटातली सगळी रजिस्टरं त्यांनी झटकून, नंबर घालून लावली होती.

"सलाम, आजी. बसा. लंकेच्या चर्चला पत्र पाठवायचंय. ही आमची बाप्तिस्मा झालेली सभासद आहे, असं. पत्रात नाव पासपोर्टवरचं पाहिजे. पण त्या नावाची मुलगी आपल्या रजिस्टरात नाहीच."

"कशी असंल? तिचं ते नाव इथं नायच."

"मग ही तीच मुलगी, असं घरच्या मोठ्या माणसानं लिहून द्यावं लागेल. मी इथं समासात लिहितो, तुम्ही सही करा."

"जुने साहेब असलं लिहीत नव्हते."

"म्हणूनच हा गोंधळ झालाय, आजी. आठातल्या पाच जणांचं असंच आहे."

"बाकीच्यांनी सह्या केल्या?"

"तिघांनी केल्या."

मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायला मी काही भोळी नाही. पण मी विचार केला, वही चर्चच्या कपाटात राहणार, कपाटाला कुलूप आहे. बाहेर नात उभी होती, नवीन बॅग घेऊन. काचेतून आत बघत होती. मी सही केली. मला सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडत जावं लागतं. पाळकसाहेब थांबले. "अक्षर छान आहे हो तुमचं," म्हणाले.

जायच्या आधीच्या रविवारी आठही जणांना पुढं बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. उपासनेहून बाहेर पडले तर चर्चच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूला फ्लेक्स लावलेला. आठ फोटो. खाली 'सुवार्तेसाठी श्रीलंकेला जाणारे आमचे तरुण'. आणि प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव: आधी चर्चचं, मग कागदावरचं, मग आडनाव. रजिस्टर नीट झालं होतं ना, आता सगळीकडं नीट.

मी नातीला म्हटलं, "हे काढायला सांग."

"आजी, फ्लेक्स कोण वाचतं?"

तेही खरंच. या शहरात चौकाचौकात फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड. त्या तोंडांकडं कुणी बघत नाही. मीही गप्प बसले.

लंकेहून ती संध्याकाळी फोनवर दिसायची. मागं हिरवे डोंगर, खुलताबादच्या डोंगरांना पावसाळ्यात दोन महिने येतो तसला हिरवा रंग, पण तिथं म्हणे बारमाही. मळ्यातल्या बाया तमिळ बोलणाऱ्या, त्यांच्या आजा-पणज्यांना इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेलेलं. एका लांब चाळीत एकेका खोलीत एकेक घर. चहाच्या झुडपांत जळवा असतात, त्या बायांच्या पायांना लागतात, घाव चिघळतात. नात दिवसभर पाय धुऊन मलमपट्टी करायची.

"आजी, आपल्यासारखीच माणसं आहेत गं. आणि इथं पण आहे बरं का, कुणी कुणाच्या घरी जेवायचं नाही ते. दुभाष्यानं सांगितलं."

"म्हणजे समुद्र ओलांडला तरी तेच."

"तेच."

"मग तुमी जाऊन काय केलं?"

"पोरांना गाणी शिकवली. खूष झाली पोरं."

"त्यांना त्यांची गाणी येत नव्हती?"

"आजी!"

"मलम किती दिवस पुरंल?"

तिनं पिशवीत हात घालून बघितलं. "उद्या संपेल," म्हणाली.

दहा दिवसांनी मलम संपलं, जळवा संपल्या नाहीत. ही आठ पोरं परत आली, चर्चमध्ये पडद्यावर फोटो दाखवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नातीनं साक्ष दिली की प्रभूनं मला बोलावलं आणि मी गेले. ती मनापासून बोलली. मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं.

मग ती कामावर रुजू झाली. पांढरा ड्रेस रोज स्वतः धुवायची, इस्त्री करायची. चौथा महिना लागला आणि पडताळणीच्या कार्यालयातून पत्र आलं. तुमच्या दाव्याविरुद्ध तक्रार आली आहे, घरी चौकशी होईल. सोबत फ्लेक्सचा फोटो जोडलेला.

तक्रार करणारी मुलगी नातीच्याच कॉलेजातली. निवड यादीत नातीच्या खाली तिचं नाव, प्रतीक्षेत पहिलं. बौद्ध घरातली. तिच्या पणजोबांनी आणि माझ्या सासऱ्यांनी सारखीच वेस झाडली असेल. फ्लेक्सचा फोटो तिला रस्त्यावर काढावा लागला नव्हता. नातीनंच पाठवला होता, लंकेला चालले म्हणून.

"मैत्रीण होती ती माझी," नात रडत म्हणाली.

"तुझ्यामागं रांगेत उभी होती ती. रांगेतल्यानं पुढच्याच्या पाठीकडं बघायचं नाय तर कुठं बघायचं?"

"तू तिच्या बाजूनं बोलतीस?"

मी कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हते. जागा एक होती. कायद्यानं ती त्या मुलीची होती. आमच्या पोटानं ती आमची होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मुलानं भिंतीवरचा क्रूस काढला. तिथं पांढरा ठसा राहिला. त्यावर त्यानं कारखान्यातून आणलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. सुनेनं बायबलं गाठोड्यात बांधून खालाकडं नेऊन ठेवली. खालानं कशाला म्हणून विचारलं नाही. मुलगा मला म्हणाला, "आई, तुला लिहिता-वाचता येत नाय. एवढंच ध्यानात ठेव. त्या वहीतली सही तुझी नायच. पाळकानं कुणाकडून तरी घेतली."

"चौथी शिकले मी."

"नाय शिकली."

दोघं आले, एक साहेब आणि एक चष्म्याची बाई. बाईच विचारत होती. आवाज चढवला नाही, हे कबूल करायला हवं.

"आजी, कुलदैवत कोणतं तुमचं?"

"मरीआई." खोटं नव्हतं ते. माझी आजी तिलाच कोंबडं द्यायची.

"सण कोणते करता?"

"पोळा, दिवाळी, शिमगा."

"नाताळ?"

"कुणी करंजी दिली तर खातो. तुमी नाय खात?"

साहेब हसला. बाई हसली नाही, पण लिहून घेतलं.

"रविवारी चर्चला जाता?"

"गुडघे दुखतात. कुठंच जात नाय."

"नवऱ्याला कुठं पुरलं?"

"गावाकडं."

नवरा इथं छावणीकडच्या ख्रिस्ती कब्रस्तानात आहे. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला काही झालं नाही. लोक म्हणतात जीभ अडखळते. नाही अडखळत. समोर नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या ड्रेसात. तेवढं बघत मी बोलत गेले.

मग बाईनं फायलीतून चर्चच्या रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स बाहेर काढली. समासात पाळकसाहेबांचं सुबक अक्षर, वरील मुलगी व अमुक या दोघी एकच आहेत. खाली माझी सही.

"ही तुमची?"

"तिला लिहिता येत नाय," मुलगा घाईनं म्हणाला. "अडाणी आहे ती. जबाबावर अंगठा घ्या."

बाईनं शाईची डबी पुढं केली. मी डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणी आमच्या वस्तीतल्या बाया अंगठा उठवायच्या, तेव्हा मला त्यांची कीव यायची.

बाईनं कागद वाळू दिला. नंतर दुसरा कागद काढला. माझ्या फंडाचा अर्ज, शाळा सोडताना भरलेला.

"आजी, यावर पण हीच सही आहे."

मुलगा काहीतरी बोलायला गेला. मी त्याला हातानं थांबवलं. हाताला शाई होती.

"व्हय," मी म्हटलं. "माझीच हाय."

"मग आधीचं सगळं?"

"आधीचं सगळं खोटं. नाताळ आमीच करतो. करंज्या पण आमीच देतो लोकांना."

बाईनं ते लिहिलं नाही. चष्मा पुसला आणि म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत तरी आता काही बदलत नाही. पान होतंच आमच्याकडं." पाणी न पिताच गेले दोघं.

ते पान पाळकसाहेबांनीच दिलं होतं. कार्यालयानं मागितलं, त्यांनी दिलं. चार दिवसांनी ते घरी आले. भिंतीवर लक्ष्मी तशीच होती, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिच्याकडं बघत ते खुर्चीवर बसले.

"आजी, मी खोटं लिहू शकत नव्हतो."

"तुमाला कुणी लिवायलाच सांगितलं नव्हतं. गप बसायचं होतं फक्त."

 त्यांनी येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट काढली. पेत्रानंही प्रभूला नाकारलं, तरी प्रभूनं त्याला जवळ केलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

"पेत्राच्या नातीची नोकरी जात नव्हती, साहेब," मी म्हटलं. "आणि मी नाकारलं त्याचं मला काय नाय. मी सही केली त्याचं हाय."

त्यांनी प्रार्थना केली. आम्ही डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा सगळं जिथल्या तिथंच होतं.

सहा महिने पुरे व्हायच्या आत आदेश आला. दावा अवैध, नेमणूक रद्द. त्यात असंही होतं की मुलाचा दाखलाही तपासावा. म्हणजे धाकटी नात, आता दहावीला आहे ती, तिचंही त्यातच आलं. वकिलाकडं गेलो. त्यानं कागद उलटसुलट बघितले, सासऱ्यांचा उर्दू उतारा बघून म्हणाला, "हा चांगला आहे हो." मग माझ्या सहीचं पान बघितलं आणि फाइल बंद केली.

नात आता जालना रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात आहे. बारा तासांची ड्यूटी, नर्सचं काम आणि आयाचंही. तिथं नेमणुकीचं पत्र देत नाहीत, त्यामुळं रद्द व्हायचीही भीती नाही. तिचं लग्न ठरत आलं होतं, ते त्या लोकांनी मोडलं. त्यांना सरकारी नोकरीवाली हवी होती. ती चर्चला जाते, पण पुढं बसत नाही, मागणंही मागत नाही. यंदा तरुण संघ पुन्हा कुठंतरी निघाला आहे. पाळकसाहेबांनी तिला विचारलं. ती म्हणाली, सुट्टी मिळत नाही.

माझ्याशी नीट बोलते. मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर तिला हो म्हणावं लागेल, आणि मग आम्हा दोघींनाही ते खरं धरून चालावं लागेल.

मला रक्तदाबाचा त्रास आहे, महिन्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातूनच घेते. मागं एकदा गेले तर ज्या टेबलावर रक्तदाब बघतात तिथं ती तक्रार करणारी मुलगी बसलेली. मी तिला फोटोत पाहिलं होतं, नातीच्या खांद्यावर हात टाकून. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. दंडाला पट्टा बांधला, घट्ट नाही, सैल नाही. काट्याकडं बघून म्हणाली, "वाढलंय आजी. मीठ कमी करा." पुढच्या बाईला बोलवायच्या आधी मला हात धरून उठवलं. काम चांगलं करते. माझ्या नातीनंही असंच केलं असतं.

मी गोळ्या पदरात बांधल्या आणि रिक्षाच्या रांगेत येऊन उभी राहिले. गोळ्या महिनाभर पुरतात. मग पुन्हा तिच्याच टेबलाशी जावं लागतं, आणि मी जाते.